लाल लोखंड पाण्यात गेलं की नेमकं काय होतं?

नागपुरातल्या आमच्या अभियंत्यांच्या संस्थेत दर महिन्याला एक व्याख्यान असतं. श्रोत्यांत निम्मे सिव्हिलवाले, थोडे इलेक्ट्रिकलवाले, हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीतले काही कारखानदार आणि व्याख्यानापेक्षा नंतरच्या तर्री-पोह्यांवर जास्त भरवसा ठेवून आलेली पॉलिटेक्निकची पोरं. यावेळी विषय होता धातूंची हीट ट्रीटमेंट, म्हणजे धातू तापवून आणि गार करून त्याचे गुण बदलणं. या विषयावर धातुशास्त्राचा माणूस उभा राहिला की थोड्याच वेळात पडद्यावर लोखंड-कार्बनचा तो प्रसिद्ध आलेख येतो आणि निम्मं सभागृह मोबाइल काढतं. आलेखाचा काही दोष नाही, पण तो न दाखवताही पुष्कळ सांगता येतं. सभेत जे प्रश्न आले तेच धरून इथे सांगतो.

पहिला प्रश्न एका सिव्हिलवाल्यांचा, आणि माझ्या मते सगळ्यात चांगला: "लोखंड तापवलं, गार केलं. त्यात घातलं काही नाही, काढलं काही नाही. मग बदललं काय?"

बदलली ती अणूंची बैठक. साध्या तापमानाला लोखंडाचे अणू एका चौकोनी खोक्याच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मधोमध, अशा रचनेत असतात. शुद्ध लोखंड ९१२ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ही रचना मोडते आणि अणू आठ कोपऱ्यांवर आणि सहाही बाजूंच्या मध्यावर येऊन बसतात. वितळायला अजून अवकाश असतो, त्याला १५३८ अंश लागतात. ही सगळी उलथापालथ आतल्या आत होते, बाहेरून फक्त लालपणा दिसतो.

आता यातली गंमत. गरम रचना जास्त दाटीची आहे. तिच्यात अणू ७४ टक्के जागा व्यापतात, थंड रचनेत ६८ टक्के. म्हणजे थंड लोखंडात मोकळी जागा जास्त. पण ती जागा बारीक बारीक फटींत विखुरलेली. गरम रचनेत एकूण जागा कमी असली तरी जी आहे ती एकेका मोठ्या पोकळीत एकवटलेली, आणि तेवढ्या पोकळीत कार्बनचा अणू मावतो. म्हणून गरम लोखंड वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत कार्बन पोटात घेऊ शकतं. थंड लोखंडाला मात्र ०.०२ टक्क्यांवर जमत नाही. पोलाद म्हणजे लोखंडात थोडासा कार्बन. शाफ्टच्या पोलादात ०.४ टक्क्यांच्या आसपास, कानशीच्या पोलादात एक टक्क्याच्या वर. एवढ्याशा कार्बनवर पुढचा सगळा खेळ चालतो.

समजा, कार्बन हा किरायेदार आहे आणि त्याची खोली अचानक लहान होणार आहे. मालकानं आधी सांगितलं, वेळ दिला, तर तो सामान बांधून दुसरीकडे जाईल. पोलाद हळूहळू गार केलं की हेच होतं. ७२७ अंशांच्या खाली कार्बन बाहेर पडतो, लोखंडाच्या तीन अणूंमागे कार्बनचा एक अशा प्रमाणात वेगळं संयुग बनवून बसतो, आणि मऊ लोखंड व हे कडक संयुग यांचे पातळ थर एकाआड एक लागतात. शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बीनं १८६० च्या दशकात पोलादाचा तुकडा घासून आरसा केला, त्यावर आम्ल लावलं आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पोलादाचं पोट माणसानं नीट पाहिलं ते तेव्हापासून. हे थर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे चमकतात, म्हणून त्यांचं नाव पडलं पर्लाइट. असं पोलाद कापता येतं, वाकवता येतं, लेथवर त्याची छान चुरी निघते.

आणि नोटीस न देता खोली लहान केली तर? किरायेदार आतच अडकला, भिंती फुगल्या. लाल पोलाद पाण्यात बुडवलं की कार्बनला हलायला सवडच मिळत नाही. लोखंडाचे अणू मात्र थांबत नाहीत, ते आपली थंड रचना करतातच. मध्ये कार्बन अडकलेला, त्यामुळे ती रचना एका दिशेनं ताणली जाते. या ताणलेल्या रचनेला जर्मन धातुतज्ज्ञ अडॉल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. ती प्रचंड कठीण असते. ०.८ टक्के कार्बनच्या पोलादात कठीणपणा मोजायच्या रॉकवेलच्या सी मापावर ६५ च्या आसपास जाते. कानस तिच्यावरून नुसती घसरते. आणि अशा तुकड्यावर घण घातला तर तो काचेसारखा फुटतो.

तर बदललं काय, याचं उत्तर: घातलं-काढलं काही नाही, फक्त कार्बनला वेळ दिला की नाही, एवढंच. वेळ किती, तेही ऐकून ठेवा. ०.८ टक्के कार्बनचं साधं पोलाद गार होताना साडेपाचशे अंशांच्या आसपास फार उतावीळ असतं. तिथे एखाद्या सेकंदातच पर्लाइट बनायला सुरुवात होते. त्या सेकंदाच्या आत तो टप्पा ओलांडला तरच मार्टेन्साइट हाती लागतं. म्हणून साध्या पोलादाला पाणीच लागतं. क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम, मँगनीज घातलं की ही घाई कमी होते. ईएन २४ हे निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनमचं पोलाद तेलात विझवूनही, म्हणजे झटकन गार करूनही, आतपर्यंत कठीण होतं, आणि डायसाठी वापरतात ते बारा टक्के क्रोमियमचं पोलाद, आपल्याकडे कारखान्यात ज्याला एचसीएचसीआर म्हणतात, ते नुसत्या हवेत गार केलं तरी होतं. मिश्रधातूंसाठी जास्त पैसे मोजतो ते मुख्यतः या सवडीचे, हे खरेदी विभागातल्या लोकांना एकदा समजावून सांगायला हवं.

याच सवडीचा दुसरा परिणाम म्हणजे जाडी. पाणी पृष्ठभागाला लागतं, गाभ्यातली उष्णता मात्र बाहेर यायला वेळ घेते. ईएन ८ चा, म्हणजे ०.४ टक्के कार्बनच्या साध्या पोलादाचा, बोटाएवढा पिन आणि मनगटाएवढा शाफ्ट एकाच टाकीत एकाच वेळी टाकले, तर पिन आरपार कठीण होईल आणि शाफ्टची फक्त साल. पोलादाची ही आतपर्यंत कठीण होण्याची ताकद मोजायची एक साधी, सुरेख चाचणी आहे, अमेरिकेत १९३० च्या दशकात जॉमिनीनं बसवलेली. २५ मिलिमीटर जाडीची, १०० मिलिमीटर लांबीची कांडी लाल करायची, उभी टांगायची आणि फक्त खालच्या टोकावर पाण्याचा फवारा सोडायचा. खालचं टोक क्षणात विझतं, वरचं सावकाश हवेत. मग बाजू सपाट घासून खालून वरपर्यंत थोड्या थोड्या अंतरावर कठीणपणा मोजत जायचं. एकाच कांडीवर विझवण्याचे सगळे वेग दिसतात. साध्या पोलादाचे आकडे थोड्याच अंतरात धडाधड पडतात, ईएन २४ चे बराच वेळ टिकून राहतात. इथल्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत धातुशास्त्राचा वेगळा विभागच आहे, त्यामुळे नागपुरात या विषयात शिकलेली माणसं शोधायला लांब जावं लागत नाही.

दुसरा प्रश्न एका कारखानदारांचा, आणि सभेत सगळ्यात जास्त वेळ त्यावरच गेला. "तेच मटेरियल, तीच फर्नेस, तेच ८५० अंश. हिवाळ्यात हार्डनेस बरोबर येते, मे महिन्यात येत नाही. कंट्रोलर बदलून पाहिला, थर्मोकपल (भट्टीचं तापमान मोजणारी तार) बदलून पाहिलं." मला हा प्रश्न अगदी नागपुरी वाटला. सगळ्यांचं लक्ष भट्टीकडे. तिच्यावर आकडे दिसतात, कॅलिब्रेशनची सर्टिफिकेटं असतात, ऑडिटवाला तिचाच फोटो काढतो. बाजूला उभी असलेली विझवायच्या पाण्याची गंजकी टाकी कोणी पाहत नाही, आणि निकाल तर तिथेच लागतो.

लाल जॉब, म्हणजे तापवलेला भाग, पाण्यात शिरला की पहिल्यांदा त्याच्याभोवती वाफेचं पातळ आवरण तयार होतं. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब उडत-नाचत राहतो, पटकन आटत नाही, तो याच आवरणामुळे. लायडेनफ्रॉस्टनं १७५६ मध्ये याबद्दल लिहून ठेवलं. वाफ ही उष्णतेची वाईट वाहक, त्यामुळे या पहिल्या टप्प्यात जॉब पाण्यात असूनही हळूच गार होतो. मग आवरण फुटतं, पाणी थेट धातूला भिडतं, जोरात बुडबुडे उठतात, चर्र आवाज येतो. उष्णता सगळ्यात वेगानं जाते ती या दुसऱ्या टप्प्यात. शेवटी उकळणं थांबतं आणि नुसत्या पाण्याच्या हालचालीनं जॉब निवत राहतो. पोलादाला घाई असते ती नेमकी सुरुवातीला. म्हणून वाफेचं आवरण जितक्या लवकर फुटेल तितकं बरं.

पाणी गरम असेल तर ते आवरण जास्त वेळ टिकतं. २०-२५ अंशांचं पाणी आणि ५० अंशांचं पाणी यांत विझवण्याच्या ताकदीचा फरक डोळ्यात भरण्याइतका असतो. आता आपला मे महिना आठवा. पारा ४५ च्या पुढे, गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्यानं हात पोळतो. त्यात जॉबची उष्णता. हिशेब सोपा आहे. ८५० अंशांवरचं १०० किलो पोलाद हजार लिटर पाण्यात टाकलं तर पाणी सुमारे १२-१३ अंशांनी तापतं. सकाळी पहिली बॅच ३५ अंशांच्या पाण्यात गेली असेल तर दुसरी ४७-४८ च्या पाण्यात जाते, तिसरी साठीच्या. पहिल्या बॅचचा नमुना पास होतो आणि दुपारचा माल परत येतो. थर्मोकपल काय करणार?

हवेत गार करायच्या कामात, म्हणजे नॉर्मलायझिंगमध्ये, ऋतूचा असा त्रास होत नाही, हेही सांगायला हवं. ८५० अंशांच्या जॉबला हवा १० अंशांची की ४५ ची, हा फरक चार-पाच टक्क्यांचा. पंखा चालू आहे की बंद, याचा परिणाम त्याहून मोठा. पाण्याचं वेगळं, कारण तिथे उकळणं मध्ये येतं.

उपाय महागडे नाहीत. टाकी मोठी ठेवा, पाणी पंपानं फिरतं ठेवा, जॉब आत हलवत राहा. लांब शाफ्ट उभा बुडवा आणि वर-खाली हलवा, आडवा टाकला तर एक बाजू आधी विझते आणि तो केळ्यासारखा वाकतो. पाण्यात पाच-दहा टक्के मीठ घालायची जुनी रीत आहे. तापल्या पृष्ठभागावर मिठाचे कण फुटतात आणि वाफेचं आवरण फाडतात. मात्र मिठानं टाकीही गंजते आणि जॉबही, नंतर धुवायचा कंटाळा करून चालत नाही. कूलिंग टॉवर लावला तर नागपूरच्या मेमध्ये तो झकास चालतो, कारण हवा कोरडी असते आणि पाणी भराभर उडतं. जुलै-ऑगस्टमध्ये घरातला कूलर जसा नुसताच गरगरतो तीच त्याची गत होते. म्हणजे टॉवर लावला असेल तर टाकीच्या पाण्यासाठी इथे मेपेक्षा दमट, उकाड्याचे पावसाळी दिवस जास्त बघून घ्यायचे असतात, आणि थर्मामीटर भट्टीइतकाच टाकीत लावायचा असतो.

तेलाचं उलटं आहे, आणि हे ऐकून बऱ्याच जणांच्या भुवया वर गेल्या. विझवायचं तेल ५० ते ७० अंशांवर जास्त चांगलं काम करतं. गार तेल घट्ट असतं, जॉबभोवती फिरत नाही. कोमट झालं की पातळ होतं आणि चटकन उष्णता नेतं. त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी तेलाची टाकी आधी तापवून घ्यावी लागते. तेलाची खरी भीती पावसाळ्यात. शेडचे पत्रे गळतात, पाणी तेलाच्या तळाशी जाऊन बसतं, वरून पत्ताही लागत नाही. लाल जॉब तिथवर गेला की त्या पाण्याची एका झटक्यात वाफ होते, तेल फेसाळून टाकीबाहेर येतं आणि पेट घेतं. हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये लागणाऱ्या आगींचं हे एक नेहमीचं कारण आहे. पावसाळ्यात तळाची तोटी उघडून पाहायला पाच मिनिटं लागतात.

वेगानं गार करायचं, तर मग बर्फाच्याच पाण्यात का नाही टाकायचं? एका पोरानं विचारलं. कारण मार्टेन्साइट बनताना पोलाद फुगतं. साल आधी विझते, कठीण होते, तिचं फुगणं उरकतं. गाभा नंतर विझतो आणि त्याची फुगायची वेळ येते तेव्हा बाहेरची साल आधीच काचेसारखी झालेली असते. ती आतून ताणली जाते आणि तडकते. तडा कुठे जातो तेही ठरलेलं असतं: की-वेचा (शाफ्टवरच्या किल्लीच्या खाचेचा) टोकदार कोपरा, ड्रिलचं भोक, जाड-बारीक भाग जिथे जुळतो ती पायरी, पंच मारून टाकलेला पार्ट नंबरसुद्धा. डिझाइन करणाऱ्यानं कोपऱ्याला थोडी गोलाई दिली असती तर हीट ट्रीटमेंटवाल्याला शिव्या खाव्या लागल्या नसत्या, अशी निदान अर्धी प्रकरणं असतात असं माझं मत आहे. दुसरं म्हणजे तडा लगेच जातोच असं नाही. संध्याकाळी विझवलेला जॉब रात्रभर तसाच ठेवला की सकाळी दोन तुकडे मिळू शकतात. म्हणून विझवल्यावर जॉब हातात धरण्याइतका निवला की तसाच टेम्परिंगला घालायचा.

टेम्परिंग म्हणजे पुन्हा थोडं तापवणं. दीडशे अंशांपासून साडेसहाशेपर्यंत, जसं काम तसं. अडकलेल्या कार्बनला थोडी हालचाल करू द्यायची, ताण सैल करायचा. कठीणपणा थोडा जातो, चिवटपणा येतो. कानशीला, ब्लेडला कमी तापमान. स्प्रिंगला, शाफ्टला जास्त.

हे काम डोळ्यांनी पाहायचं असेल तर एखाद्या आठवडी बाजारात लोहाराकडे छिन्नीला पाणी देताना थांबून बघा. तो भट्टी सावलीतच लावतो, उगाच नाही. आठशे अंशांचा लालपणा अंधारात नीट ओळखू येतो. भर उन्हात तोच मळकट दिसतो, आणि माणूस पोलाद जास्त तापवून बसतो. जास्त तापवलं की पोलादाचे कण मोठे होतात आणि धार तुटते. रंगाचा भरवसा नसेल तर चुंबक आहे. ७७० अंशांना लोखंड चुंबकाला दाद देणं सोडतं, त्याच्या थोडं वर गेलं की साधं पोलाद विझवायला तयार. छिन्नी सांडशीत धरून तो फक्त टोक पाण्यात घालतो, बोटभर. बाहेर काढतो, विटेच्या तुकड्यावर खर्रकन घासून टोक चकचकीत करतो आणि बघत बसतो. मागचा भाग अजून गरम आहे, ती उष्णता टोकाकडे सरकते आणि तिच्यापुढे रंग पळतात: आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मागून निळा. पिवळा म्हणजे सुमारे २२०-२३० अंश, जांभळा २८०, निळा ३०० च्या आसपास. हा रंग म्हणजे पृष्ठभागावर चढणारा ऑक्साइडचा पापुद्रा. तो जितका जाड, तितका प्रकाश वेगळा परततो. जांभळा टोकावर पोचला की छिन्नी सगळी पाण्यात. हार्डनिंग आणि टेम्परिंग एकाच तापवण्यात, वीजबिलाशिवाय. आपल्या भागात हे काम फार जुनं आहे. पेंच नदीकाठच्या नाईकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे, महापाषाण काळातली, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची.

हीच युक्ती प्रचंड प्रमाणावर रोज वापरली जाते ती घराच्या स्लॅबमध्ये. सिव्हिलवाल्यांनी इथे कान टवकारले. टीएमटी सळई रोलिंग मिलमधून साधारण हजार अंशांवर बाहेर पडते आणि पाण्याच्या बॉक्समधून सुसाट जाते. जेमतेम सेकंद-दीड सेकंद. तेवढ्यात बाहेरची साल मार्टेन्साइट होते, गाभा लालच राहतो. बाहेर आल्यावर गाभ्याची उष्णता सालीकडे येते आणि तिला सहाशे अंशांच्या आसपास टेम्पर करते. लोहाराची छिन्नीच, फक्त टोकाऐवजी साल. नंतर कूलिंग बेडवर गाभा सावकाश मऊ रचनेत येतो. बाहेर ताकद, आत लवचिकपणा, आणि त्यासाठी जास्त कार्बन घालावा लागत नाही, म्हणून वेल्डिंगलाही बरं. एफई ५०० या सळईच्या ग्रेडमधला ५०० हा आकडा म्हणजे किती मेगापास्कल ताणापर्यंत सळई कायमची लांबत नाही, ते. सळई आडवी कापून एमरी पेपरवर गुळगुळीत करा, अल्कोहोलमध्ये किंचित नायट्रिक आम्ल घातलेलं नायटल लावा, काही क्षणांत कडेनं गडद कडं उमटतं. कडं सगळीकडून सारखं हवं. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला गायब असेल तर पाण्याचा बॉक्स नीट चालला नाही.

यातून साइटवरच्या दोन गोष्टी आपोआप कळतात. सळई वाकत नाही म्हणून गॅसनं लाल करून वाकवली की त्या जागी कडं मेलं. तिथे तुमच्याकडे एफई ५०० उरलेली नाही. आणि टीएमटी लेथवर घेऊन आटे पाडण्यासाठी बारीक केली, तर ताकदीचा भाग चुरीबरोबर गेला.

सगळ्यात उरफाटं उदाहरण मात्र मँगनीजचं, आणि ते नागपूरनं सांगावं हेच बरोबर. मँगनीज खाणींची सरकारी कंपनी मॉइल, तिचं मुख्यालय इथलं. मनसर, कांद्री, गुमगावच्या खाणी आपल्याच जिल्ह्यातल्या, डोंगरी बुजुर्ग आणि चिखला शेजारच्या भंडाऱ्यात. साध्या पोलादात मँगनीज पाऊण-एक टक्का असतं आणि ते आतपर्यंत कठीण व्हायला मदत करतं. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफिल्डनं १८८२ मध्ये ते बारा टक्क्यांच्या आसपास नेलं, कार्बन एक टक्क्याच्या वर. हे पोलाद हजार अंशांवरून पाण्यात टाकलं की कठीण होण्याऐवजी मऊ आणि चिवट होतं! मँगनीज इतकं जास्त की गरम रचना थंड झाल्यावरही तशीच टिकून राहते. कार्बन आपल्या मोठ्या पोकळीत आरामात. चुंबकही त्याला चिकटत नाही. उलट तेच सावकाश गार केलं तर कार्बाइड, म्हणजे कार्बनची ती कडक संयुगं, पोलादाच्या कणांच्या सीमांवर जमतात आणि ते ठिसूळ होतं. आपल्या नेहमीच्या पोलादाच्या बरोबर उलट.

आणि या मऊ पोलादावर आपटत राहिलं की जिथे मार बसतो तिथेच ते कठीण होत जातं. कठीणपणाच्या ब्रिनेल या दुसऱ्या मापावर दोनशेपासून पाचशेपर्यंत. म्हणून दगड फोडणाऱ्या क्रशरच्या जबड्यांना आणि रेल्वेच्या क्रॉसिंगला ते वापरतात. भारतीय रेल्वेत ओतीव मँगनीज पोलादाची क्रॉसिंगं सर्रास आहेत. नागपूरकरांना आपल्या डायमंड क्रॉसिंगचं कौतुक असतं. रुळाला रूळ छेदतो तिथे चाक खाचेवरून उडी मारतं आणि प्रत्येक डब्याचं प्रत्येक चाक त्याच जागी आदळतं, हे लक्षात घेतलं की असं पोलाद का लागतं ते कळेल. क्रशरवाल्यांनी मात्र एक ध्यानात ठेवावं: घिसलेल्या जबड्यावर गॅस कटर आणि वेल्डिंग बेधडक चालवून तो लाल होऊ दिला, की पाणी देऊन मिळवलेलं सगळं गेलं.

बाकीचं भरभर. ट्रॅक्टरच्या गिअरला दात कठीण हवेत, पण दात मोडायला नकोत. म्हणून कमी कार्बनचं पोलाद घेऊन ९००-९३० अंशांवर कार्बनयुक्त वायूत काही तास ठेवतात, सालीत कार्बन मुरतो, मग तेलात विझवतात. इथे मात्र खरोखर काहीतरी "घातलं" जातं. नायट्रायडिंगमध्ये कार्बनऐवजी नायट्रोजन, ५००-५५० अंशांवर, विझवायची गरजच नाही, त्यामुळे जॉब वाकत नाही. इंडक्शनमध्ये विजेनं फक्त साल तापवायची. ॲल्युमिनिअमचं आणखी निराळं: विझवल्यावर ते मऊ असतं आणि नुसतं पडून राहून कठीण होत जातं. जर्मनीत आल्फ्रेड विल्मला १९०६ मध्ये हे आढळलं, त्यातून ड्युरॅल्युमिन हा मिश्रधातू आला. विमानांच्या काही रिव्हेटा विझवून फ्रीजमध्ये ठेवतात त्या याचसाठी, बाहेर ठेवल्या तर ठोकण्याआधीच कडक होतील.

शेवटी सभेत जे भांडण निघतं ते यावेळीही निघालं: "तुम्ही म्हणता हार्डनेस ५२ आली, आमच्या मशीनवर ४४ येते." दोघंही खोटं बोलत नसतात. भट्टीतल्या हवेनं सालीतला कार्बन जाळून नेलेला असतो, वरचा पापुद्रा मऊ. एकानं घासून मोजलं, दुसऱ्यानं तसंच. रॉकवेलचा हिरा दीडशे किलोच्या भारानं आत जातो; खाली मऊ साल, पातळ जॉब किंवा वाकडी बैठक असेल तर आकडा पडणारच. म्हणून जॉबवर्कला माल पाठवताना चलानावर नुसतं "हार्डनिंग करणे" लिहू नका. पोलादाचा ग्रेड लिहा, आणि तो दुकानदारानं सांगितलेला नको, टेस्ट सर्टिफिकेटवरचा. कठीणपणा एका आकड्यात न देता ४८ ते ५२ असा द्या. कुठल्या पृष्ठभागावर मोजायचा आणि किती घासून, हे ड्रॉइंगवर बाणानं दाखवा. गिअर असेल तर सालीची खोली मिलिमीटरमध्ये. नंतर ग्राइंडिंग किती करणार तेही कळवा. आणि त्याच बारचा एक तुकडा बॅचसोबत भट्टीत घालायला द्या, म्हणजे वाद झालाच तर जॉब न कापता तो कापून बघता येईल.